इनामदार सरांच्या वहीतला तिसरा रकाना

हा लेख मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिला लेख गौरव समितीच्या चिटणीसांनी परत पाठवला. शेवटच्या पानावर लाल शाईची आडवी रेघ होती आणि समासात लिहिले होते, ‘प्रसंगाला शोभत नाही.’ त्या पानावर मी एवढेच लिहिले होते की, डॉ. मुनीर इनामदार यांनी ज्या वृद्धांसाठी आयुष्य घालवले, त्यांच्या घरी जाणारी पंधरवड्याची फेरी बंद करण्यात आली आहे, आणि ती बंद करणारी मंडळीच सरांच्या अमृतमहोत्सवाच्या व्यासपीठावर बसणार आहेत.

मी चिटणीसांना फोन केला. गृहस्थ चांगले आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे.

“मॅडम, गौरवग्रंथ आहे. जरा गोड लिहा ना,” ते म्हणाले.

“सरांना गोड बंद आहे. मला विचारा, मी नर्स होते.”

“तसं नाही हो. पाहुणे वाचतील. त्यांना वाईट वाटेल.”

“वाटावं म्हणूनच लिहिलंय.”

प्रकरण सरांपर्यंत गेले. सरांनी माझा लेख वाचला, चष्मा काढला आणि चिटणीसांना सांगितले, “रेघ खोडा. पण सिस्टरलाही सांगा, नुसता राग छापू नका. रागाला पुरावा लागतो. वह्यांमध्ये काय आहे ते लिहा.” म्हणून हा दुसरा लेख. यातला राग मी कमी केलेला नाही. पुरावा जोडला आहे.

सरांची आणि माझी पहिली भेट माझ्या चुकीमुळे झाली. बी.ए. होऊन आणि नंतर नर्सिंगचा कोर्स करून मी सेनगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात रुजू झाले होते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे आज जी सिस्टर आहे तिला उगाच तकलीफ नको. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आपण परभणीत होतो. आमच्या रजिस्टरांमध्ये गरोदर बायांचे रकाने होते, लेकरांच्या लसींचे होते, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांचे होते. साठी ओलांडलेल्या माणसाला एकाही रजिस्टरात जागा नव्हती. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर नवे आलेले डॉक्टर इनामदार यांनी फूटपट्टीने रेघा मारून स्वतःच एक वही तयार केली आणि आम्हा सगळ्या सिस्टरांना एकेक दिली. घरोघर जा, साठीपुढचे प्रत्येक माणूस लिहा, प्रकृती विचारा.

मी मन लावून काम केले. आठ दिवसांत वही भरून नेली. सरांनी पाने उलटली आणि वही मिटली.

“सिस्टर, तुमच्या गावात एकही म्हातारं माणूस आजारी नाही?”

“मी प्रत्येकाला विचारलं सर. सगळे म्हणाले, बरं हाय.”

“कोणाच्या समोर विचारलं?”

मी आठवून पाहिले. सुना उभ्या होत्या, कुठे व्याही बसले होते, कुठे जावई आला होता.

“दारात आलेल्या परक्या बाईला कोणी ‘बरं नाही’ म्हणतं का? ‘बरं हाय’ म्हणजे ‘बसा, चहा घ्या.’ तुम्ही शिष्टाचार लिहून आणला, तब्येत नाही आणली. उद्या परत जा. कसं आहे विचारू नका. काल सकाळपासून काय काय केलं ते विचारा.”

मला राग आला होता. आठ दिवस उन्हात फिरून आलेल्या माणसाला असे बोलतात का? पण गेले. ‘बरं हाय’ म्हणणाऱ्या एका बाबांनी काल काय केले ते सांगितले: उठलो, भिंतीला धरून मोरीत गेलो, परत आलो, बसलो. शेतात? शेतात दिवाळीपासून गेलो नाही, बांध दिसत नाही. एक आजी म्हणाली, काल भाकरी खाल्ली नाही, चावत नाही, पाण्यात कालवून प्याले. ‘प्रकृती बरी’च्या खाली सगळे गाव आजारी होते. मोठ्या संस्थांची माणसे पुढे वृद्धांच्या आरोग्याचा अभ्यास करायला आपल्या भागात येऊ लागली, तेव्हा सर त्यांना सगळ्यांत आधी हीच गोष्ट सांगत. माझे नाव न घेता सांगत. हे त्यांचे सौजन्य. ती चूक माझीच होती हे मी इथे स्वतः नोंदवते.

सरांचे संशोधन म्हणजे काय, असे मला नातेवाईक विचारतात. सरांनी पुस्तक लिहिले नाही. पदोन्नती घेऊन शहरात गेले नाहीत. आपली माणसे जास्त जगू लागली आहेत, पण वाढलेली वर्षे ती कशी काढतात हे कोणी पाहत नाही, म्हणून त्यांनी ते पाहिले. त्याच गावांत, त्याच घरांत, वर्षानुवर्षे.

सर निवृत्त झाल्यानंतर एका संस्थेची मुले-मुली मोठे सर्वेक्षण घेऊन आली. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, वागायला नम्र. वाट दाखवायला सर आणि मी. त्यांच्या यादीत एक प्रश्न होता: न थांबता एक मजला जिना चढता येतो का?

पारावर बसलेल्या एका आजोबांना त्यांच्यातल्या एका मुलीने हा प्रश्न वाचून दाखवला. ते हसायलाच लागले.

“आमच्या गावात जिना एकच हाय बाई, पाण्याच्या टाकीचा. त्याच्यावर चढलो तर लोकं म्हणतील, म्हातारं जीव द्यायला गेलं.”

शेजारचे म्हणाले, “चढ की. त्या निमित्तानं लेक तरी भेटायला येईल.”

मुलीने काय लिहावे? तिने ‘नाही’ लिहिले. मी संतापले. टेकडीवरून सरपण आणणाऱ्या माणसाला तुम्ही पायाने अधू ठरवता? सर शांत होते. परत येताना म्हणाले, “त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. त्यांना देश मोजायचा आहे. गाव मोजायचं काम आपलं. आपली माणसं आयुष्यात नेमकं काय चढतात, सांगा बरं.”

“टेकडी,” मी म्हणाले. सर म्हणाले, “एस.टी.”

दुसऱ्या दिवशी सर सुतळी घेऊन सेनगावच्या स्टँडवर गेले. उभ्या गाडीच्या दाराशी उकिडवे बसून त्यांनी जमिनीपासून पहिल्या पायरीपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. कंडक्टर धावत आला.

“ओ चाचा, गाडीखाली काय करून राहिले?”

“तुमची पायरी मोजून राहिलो.”

“काहून? घरी न्यायची का?”

“व्हय,” सर म्हणाले.

आणि खरेच नेली. त्या गाठीच्या उंचीची लाकडी पायरी त्यांनी गावातल्या सुताराकडून करून घेतली. बाजूला धरायला उभा दांडा बसवला. मी विचारले, दांडा कशाला? सर म्हणाले, “एस.टी.ला असतो ना? मग आपल्यालाही हवा. फसवून कोणाला नापास करायचं नाही.” ती पायरी आम्ही घरोघर नेली. निम्मा वेळ मी उचलली आहे. बाभळीचे लाकूड, हात भरून यायचे.

त्या पायरीने जितकी करमणूक केली तितकी जत्रेतल्या पाळण्यानेही केली नसेल. एक बाबा झपकन वर चढून उभे राहिले आणि ओरडले, “डबल बेल मारा!” दुसरे म्हणाले, “साहेब, चढलो खरं, पण ही जाते कुठं?” मग पायरी कौसाबाईच्या अंगणात आली.

कौसाबाई म्हणजे लेक दूर कारखान्यावर, घरात एकटी राहणारी बाई. रक्तदाबाची जुनी रुग्ण. तिने एक पाय वर ठेवला, दांडा धरला, जोर केला. दुसरा पाय जमिनीवरून सुटेना. पुन्हा जोर केला. सगळे बघत होते. तिने ठेवलेला पाय खाली घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाली, “जाऊ द्या बापा. गाडी गेली म्हणून लिहा. म्या मागून येते.”

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांच्या वहीत तोवर दोनच रकाने होते, ‘चढले’ आणि ‘धरून चढले’. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या तिसरा आखला आणि वर तिचेच शब्द लिहिले, ‘गाडी गेली’.

या तिसऱ्या रकान्यात सरांचे सगळे संशोधन आहे असे मी मानते. ज्याचे नाव त्यात आले, तो माणूस तालुक्याच्या दवाखान्यात कधीच पोहोचणार नाही. तिथे कितीही डॉक्टर नेमा, कितीही यंत्रे आणा. तो घरी बसून ‘बरं हाय’ म्हणत राहणार. त्या नावांसाठी सरांनी तेव्हाच्या अधिकाऱ्यांना भेटून, पटवून, आरोग्य केंद्राची जीप महिन्यातून दोनदा मिळवली. ते अधिकारी ऐकणारे होते, त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. जीपमध्ये सिस्टर, गोळ्या, रक्तदाबाचे यंत्र आणि तिसऱ्या रकान्याची यादी. एवढीच ती फेरी.

सरांच्या स्वभावाबद्दल चिटणीसांनी मुद्दाम लिहायला सांगितले आहे, तर लिहिते. सर चिडखोर आहेत. चहा गार झालेला त्यांना चालत नाही आणि ‘वय झालं’ हे दोन शब्द त्यांच्यासमोर बोललेले चालत नाहीत. माझे सासरे एका हिवाळ्यात चालेनासे झाले. मी घरातली नर्स. मीच सगळ्यांना सांगितले, आता वय झालं. सर सहज आले होते. त्यांनी विचारले, “वय हा आजार कोणत्या पुस्तकात आहे, सिस्टर?” मग सासऱ्यांच्या पायाशी बसले आणि त्यांचे मोजे काढले. नखे वाढून, वळून, बोटांत रुतली होती. वाकता येत नव्हते म्हणून त्यांनी कापली नव्हती, आणि सुनेला पाय दाखवायचे नाहीत म्हणून सांगितले नव्हते. सरांनी गरम पाणी मागितले, पाय भिजवले आणि दहाही नखे स्वतः कापली. सासरे अवघडून म्हणत होते, “डाक्टरसाब, तुमी नका, तुमी नका.” सर म्हणाले, “काका, कॉलेजात मला शिकायला कोणी नखंच दिली नाहीत हो. बसा गप्प.” चौथ्या दिवशी सासरे बाजारात गेले. त्या दिवसापासून फेरीच्या पेटीत नखे कापायची कात्री असते. असायची, असे लिहायला हवे.

टाळेबंदीचा काळ सगळ्यांना आठवत असेल. एस.टी. बंद, जीप करोनाच्या कामाला लागलेली. मोठमोठ्या दवाखान्यांतले नेहमीचे उपचार थांबले. आमची फेरी एक पंधरवडाही चुकली नाही. यादी कागदावर होती आणि कोणत्या गल्लीत कोण हे गावोगावच्या आशाताईंना तोंडपाठ होते. सरांनी गोळ्यांच्या पुड्या बांधल्या, रक्तदाबाला लाल दोरा, साखरेला काळा. दूध गोळा करणारे मोटारसायकलवर कॅन घेऊन रोज गावोगाव जात, त्यांना पोलीस अडवत नव्हते. पुड्या कॅनला बांधून गेल्या. आरोग्य यंत्रणा संकटात टिकली पाहिजे, अशी भाषणे मी आता फार ऐकते. ती टिकलेली मी पाहिली आहे, दुधाच्या कॅनला लोंबकळत. तेव्हा सगळे बंद असताना जी फेरी चालली, ती आता सगळे सुरू असताना बंद पडली.

कशी बंद पडली, हाच तो शोभत नसलेला मजकूर.

वरिष्ठ कार्यालयातून एक तक्ता मागवला गेला: दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांची उपस्थिती. ज्यांनी दवाखान्याचा उंबरा ओलांडला त्यांचीच मोजणी. घरी जाऊन तपासलेल्या माणसांना त्या तक्त्यात जागा नव्हती. जसजशी माणसे थकून तिसऱ्या रकान्यात गेली, तसतसा तक्त्यातला आकडा खाली आला. यावर कोणीतरी खुर्चीत बसून शेरा लिहिला की, उपस्थिती घटली आहे, सबब ज्येष्ठांच्या आरोग्यात समाधानकारक सुधारणा दिसून येते. जे आले नाहीत ते निरोगी! त्याच शेऱ्याच्या आधारे फेरीची जीप काढून घेतली. मी दवाखान्यात उभी हयात काढली, पण इतके निर्लज्ज वाक्य वाचलेले नाही. आठ दिवस उन्हात फिरून मी जी चूक केली होती, ती यांनी पंख्याखाली बसून केली. मला परत पाठवणारे सर होते. यांना परत कोण पाठवणार?

कौसाबाईच्या गोळ्या संपत आल्या तेव्हा तिने कोणाला सांगितले नाही. उरलेल्या गोळ्या विळीवर धरून अर्ध्या केल्या. अर्धी आज, अर्धी उद्या. मग एक दिवसाआड अर्धी. पोळ्याच्या आसपास शेजारणीने तिला अंगणात पडलेली पाहिले. उजवी बाजू गेली होती. मी भेटायला गेले. तोंड वाकडे झालेले, शब्द नीट फुटत नव्हते. मी सरांची शिकवण विसरले आणि सवयीने विचारले, “कसं हाय, कौसाबाई?”

तिने डाव्या हाताने पदर ओढला आणि तोंड झाकून म्हणाली, “बरं हाय.”

त्यानंतर काही दिवसांनी समिती आणि फेरी बंद करणारे ते वरिष्ठ कार्यालयातले साहेब आमंत्रण घेऊन सरांच्या कनेरगाव नाक्याच्या घरी आले. मीही होते. कोपऱ्यात पायरी उभी होती. साहेबांनी सरांच्या पायांना हात लावला. तरुण आहेत, हुशार आहेत, बोलणे गोड आहे.

सरांनी चहा दिला आणि मग विचारले, “फेरी काहून बंद केली, साहेब?”

“सर, तुम्ही आमचे गुरू. पण गरज तर दिसली पाहिजे ना. आणि तालुक्याला सगळं मोफत आहे. बस आहे. यावं त्यांनी.”

“बस आहे, बराबर. बसला पायरी आहे.”

साहेब हसले. त्यांना वाटले, सर गंमत करताहेत. सरांनी वही उघडून तिसरा रकाना दाखवला. साहेबांनी दोन पाने उलटली, घड्याळ पाहिले आणि म्हणाले, “असं करा सर, तुम्ही हे लेखी द्या. बघतो.”

दारात त्यांची गाडी उभी होती. सरांना शाल द्यायला हीच गाडी हिंगोलीहून येणार आहे. कौसाबाईला गोळ्या द्यायला ती चार मैल वाकडी होत नाही. चिटणीस, मारा इथे रेघ.

आता शुभेच्छा. अमृतमहोत्सवात शतायुषी व्हा म्हणण्याची रीत आहे. सरांनीच आम्हाला शिकवले की नुसते जास्त जगणे म्हणजे निम्मेच काम. म्हणून मी मोजून मागते. सर, तुम्ही भरपूर जगा. डोळ्यांना बांध दिसो, दातांना भाकरी चावो, कानांवर सगळे येवो आणि चहा गरम मिळो. आपल्या पायांनी हिंडा. आणि पाय नाही म्हणतील त्या पंधरवड्याला तुमच्या दारात कोणीतरी वेळेवर येवो, गोळ्या घेऊन आणि कात्री घेऊन. ही शुभेच्छा फक्त तुमच्यासाठी नाही हे तुम्हाला कळेलच.

साहेबांनी लेखी मागितले होते, ते गेल्या सोमवारी दिले. कार्यालय वरच्या मजल्यावर आहे. सर माझ्यासोबत रिक्षाने आले, पण खालीच थांबले. “तुम्ही देऊन या, मी चहा घेतो,” म्हणाले. मला वाटले, रागावले आहेत. पायरी रिक्षावाल्याने वर चढवून दिली. समितीच्या नोंदीसाठी, आवक टेबलावर सुपूर्द केले ते असे:

फेरी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज, सरांच्या व माझ्या सहीचा.

सरांच्या हस्ताक्षरातल्या वह्या, अकरा. पहिलीत माझी ‘प्रकृती बरी’ची पाने तशीच ठेवली आहेत.

एस.टी.च्या उंचीची लाकडी पायरी, दांड्यासह, एक.

गाठ मारलेली सुतळी, एक.

नखे कापायची कात्री, एक.

‘गाडी गेली’ रकान्यातल्या हयात माणसांची यादी, गावे व घरे यांसह. ही सरांनी आदल्या दिवशी नव्याने लिहून पाकिटात बंद करून दिली होती. मी पाहिली नव्हती. टेबलावरच्या बाबूंनी पाकीट फोडून नावे मोजली आणि शिक्का मारण्याआधी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारले, “मॅडम, हे नाव बरोबर आहे ना?”

मी वाचले. मुनीर इनामदार, वय पंचाहत्तर, मु. कनेरगाव नाका. दोन वेळा स्वतः तपासले. गाडी गेली.

बरोबर आहे, असे सांगितले. पोच घेतली.